सेंट मॅथ्यू बेटाचे पाहुणे : २९, ६,००० आणि ४२ रेनडिअर

(१)
ऑगस्ट १९६५. बेरिंग समुद्रातील सेंट मॅथ्यू या निर्मनुष्य बेटावर अमेरिकन तटरक्षक दलाच्या जहाजावरील काही माणसे उतरली. दोनच वर्षांपूर्वी येथे सुमारे ६,००० रेनडिअर चरत होते. आता मात्र टुंड्राच्या हिरव्या-करड्या जमिनीवर उन्हापावसाने पांढरे पडलेले सांगाडे विखुरले होते. बेटावर कोणी शिकारी राहत नव्हता. लांडगेही नव्हते. मग हे प्राणी गेले कोठे? आणि मुळात ते येथे आले कसे? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधताना या बेटावर आलेल्या प्रत्येक पाहुण्याचा इतिहास उलगडावा लागतो. #धागा

(२)
प्रथम भूगोल. अलास्का आणि सायबेरिया यांच्या दरम्यान पसरलेल्या बेरिंग समुद्राच्या मध्यभागी हे बेट आहे. सर्वांत जवळची मानवी वस्ती सुमारे तीनशे किलोमीटरवर. अलास्कातील सर्वांत दुर्गम ठिकाण म्हणून ते ओळखले जाते. लांबी सुमारे ५० किलोमीटर, रुंदी जेमतेम काही किलोमीटर, क्षेत्रफळ सुमारे ३३२ चौरस किलोमीटर. शेजारी हॉल नावाचे छोटे बेट आणि पिनॅकल नावाचा समुद्रातून सरळ वर आलेला सुळका. झाडे नाहीत. उन्हाळ्यात धुके, हिवाळ्यात बर्फ आणि बाराही महिने वारा.

(३)
या बेटावर माणसाने कायमची वस्ती केल्याचा पुरावा नाही. पुरातत्त्वज्ञांना येथे जमिनीत खोदून बांधलेल्या एका घराचे अवशेष मिळाले आहेत. सुमारे चारशे वर्षांपूर्वीचे हे घर थुले संस्कृतीच्या लोकांचे, म्हणजे आजच्या इन्युइट आणि युपिक समाजांच्या पूर्वजांचे मानले जाते. त्यात चूल आढळली नाही आणि वापराच्या वस्तूंचा थरही अगदी पातळ आहे. घर बांधणारे फार काळ राहिले नसावेत, एवढे त्यावरून समजते. उत्तरेच्या थंडीत पिढ्यान्पिढ्या जगणाऱ्या लोकांनीही हे बेट आपले मानले नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

(४)
युरोपीय नकाशावर बेट आले ते १७६६ मध्ये. रशियन नौदलातील लेफ्टनंट इव्हान सिंड याने ते पाहिले आणि संत मॅथ्यूचे नाव दिले. बारा वर्षांनी, १७७८ मध्ये, उत्तरेकडील सागरी मार्गाच्या शोधात निघालेला कॅप्टन जेम्स कुक येथून गेला. ते आधीच कोणाला सापडले आहे याची त्याला कल्पना नव्हती. आपल्या लेफ्टनंट जॉन गोर याच्या नावावरून त्याने त्याला ‘गोर बेट’ म्हटले. दोघांनीही नाव दिले आणि पुढचा प्रवास सुरू केला. अखेरीस रशियन नाव टिकले.

(५)
ज्यांनी येथे मुक्काम केला त्यांना तो महागात पडला. १८०९–१० च्या हिवाळ्यात फरच्या व्यापारासाठी एक शिकारी टोळी बेटावर राहिली. त्यात रशियन होते, तसेच अलेउशियन बेटांवरील उनांगन लोकही होते. ताज्या अन्नाअभावी स्कर्व्ही पसरला आणि टोळीतील अनेक माणसे दगावली. अस्वल, कोल्हा आणि सागरी प्राणी यांच्या कातडीसाठी आलेल्या माणसांना हिवाळ्यात पुरेल एवढे अन्न या बेटाने दिले नाही. पुढे सव्वाशेहून अधिक वर्षांनी, पुन्हा एकदा, येथे राहणाऱ्या माणसांच्या अन्नाचा विचार करूनच एक निर्णय घेतला जाणार होता.

(६)
१८७४ मध्ये अमेरिकन सरकारतर्फे हेन्री वुड एलियट येथे आला. अलास्का रशियाकडून विकत घेऊन तेव्हा अवघी सात वर्षे झाली होती. बेटावरील दृश्य पाहून तो थक्क झाला. समुद्रावरचा बर्फ ओसरल्यावर मागे राहिलेली शेकडो ध्रुवीय अस्वले हिरव्या उतारांवर वावरत होती. ध्रुवीय अस्वल म्हटले की बर्फच डोळ्यांसमोर येतो. येथे मात्र ती गवतात चरत होती, उन्हात लोळत होती. एलियटने हे वर्णन आणि चित्रे प्रसिद्ध केली. त्यानंतर येणाऱ्या जहाजांना या बेटावर काय मिळेल हे ठाऊक झाले.

(७)
१८९९ मध्ये रेल्वेसम्राट एडवर्ड हॅरिमन याने वैज्ञानिक, चित्रकार आणि लेखक यांना घेऊन अलास्काच्या किनाऱ्याची प्रसिद्ध सफर काढली. जॉन म्यूर आणि जॉन बरोज हे निसर्गलेखक त्या जहाजावर होते. स्वतः हॅरिमनला अस्वलाच्या शिकारीची हौस होती. सेंट मॅथ्यू आणि हॉल या बेटांवर ही मंडळी उतरली, तेव्हा त्यांना एकही ध्रुवीय अस्वल दिसले नाही. शेकडोंपासून शून्यापर्यंतचा हा प्रवास पंचवीस वर्षांत झाला होता. बेटावर कोणीही राहत नसताना, केवळ येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बंदुकांनी तो घडवला.

(८)
१९०९ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी पक्ष्यांच्या संरक्षणासाठी ही बेटे राखीव घोषित केली. अस्वलांच्या दृष्टीने त्याला उशीर झाला होता. १९१६ मध्ये ‘ग्रेट बेअर’ नावाचे जहाज धुक्यात पिनॅकलवर आदळून फुटले. माणसांनी होड्यांतून सामान सेंट मॅथ्यूवर आणले आणि तळ ठोकला. तटरक्षक दलाच्या जहाजाने त्यांना सोडवले. अस्वले संपलेल्या बेटापाशी ‘मोठे अस्वल’ नावाचे जहाज बुडावे, हा निव्वळ योगायोग. त्यानंतर जवळपास तीन दशके बेट पुन्हा पक्ष्यांचे, कोल्ह्यांचे आणि उंदरासारख्या व्होल या छोट्या प्राण्यांचे राहिले.

(९)
मग दुसरे महायुद्ध आले. जून १९४२ मध्ये जपानने अलेउशियन साखळीतील अट्टू आणि किस्का ही बेटे घेतली. पुढच्या वर्षी अमेरिकेने ती परत मिळवली, पण उत्तर प्रशांत महासागर आता रणक्षेत्र झाला होता. धुक्याने भरलेल्या या समुद्रात जहाजांना आणि विमानांना दिशा दाखवण्यासाठी ‘लोरान’ ही यंत्रणा उभारण्यात आली. दोन ठिकाणांहून सुटलेले रेडिओ संकेत पोहोचण्याच्या वेळांत जो फरक पडतो, त्यावरून जहाजाचे स्थान काढता येई. त्यासाठी दूरदूरच्या बेटांवर केंद्रे हवी होती. सेंट मॅथ्यू त्यांपैकी एक ठरले.

(१०)
तटरक्षक दलाची १९ माणसे बेटावर राहू लागली. रसद येणार ती जहाजाने किंवा विमानातून टाकलेल्या गाठोड्यांतून. बर्फाने समुद्र गोठला, धुक्याने आकाश झाकले, तर दोन्ही मार्ग बंद. अशा वेळी उपासमार होऊ नये म्हणून अडीअडचणीची शिदोरी म्हणून बेटावर जिवंत जनावरे सोडण्याचे ठरले. त्यासाठी रेनडिअर निवडले गेले. ते चाऱ्यावर वाढतील, थंडी सोसतील आणि गरज पडल्यास कामी येतील, असा हा विचार होता. युद्धाच्या काळात तो अविचारी म्हणता येणार नाही.

(११)
हे रेनडिअर अलास्काचे मूळ रहिवासीही नव्हते. १८९२ पासून शेल्डन जॅक्सन या मिशनरी-शिक्षणाधिकाऱ्याच्या पुढाकाराने सायबेरियातून पाळीव रेनडिअर अलास्कात आणले गेले. त्यांच्या वंशातील काही १९२० मध्ये नुनिवाक बेटावर पोहोचले. १९४४ च्या ऑगस्टमध्ये त्याच नुनिवाकवरून २९ रेनडिअर बोटीत भरून सेंट मॅथ्यूवर आणून सोडण्यात आले : २४ माद्या आणि ५ नर. सारेच तरुण, साधारण वर्षभराचे. पाळीव वंश, पण गुराखी नाही.

(१२)
वर्षभरात युद्ध संपले. केंद्राची गरज उरली नाही आणि माणसे निघून गेली. शिदोरी मात्र मागेच राहिली. ती परत नेण्याची तरतूद योजनेत नव्हती. जनावरे आणण्याचा निर्णय कोणीतरी विचारपूर्वक घेतला होता. ती सोडून जाण्याचा निर्णय मात्र वेगळा असा कोणी घेतलाच नाही. केंद्र बंद झाले, यादीतील सामान हलवले गेले आणि टेकड्यांवर चरणारे रेनडिअर कोणाच्याही यादीत उरले नाहीत. या कथेतील सर्वांत महत्त्वाची घटना ही अशी, कोणत्याही आदेशाविना घडली.

(१३)
रेनडिअरसाठी ते बेट म्हणजे भरलेले कोठार होते. जमिनीवर शैवाकाचे, म्हणजे लायकेनचे, १० सेंटिमीटरहून अधिक जाड थर होते. गोड्या मसाल्यात पडणारे दगडफूल हेही एक शैवाकच. उत्तरेकडे त्याचे भाऊबंद हिवाळ्यात रेनडिअरचे मुख्य अन्न असतात. उन्हाळ्यात गवत आणि खुरट्या विलोची पाने मिळतात. बर्फ पडल्यावर मात्र खुरांनी बर्फ उकरून शैवाक खाल्ले जाते. अडचण एकच : शैवाक वर्षाला अवघे काही मिलिमीटर वाढते. शेकडो वर्षांत साठलेले भांडवल एकदा चरून संपले, की ते पुन्हा साठायला दशके लागतात.

(१४)
१९५७ मध्ये अमेरिकन वन्यजीव सेवेतील जीवशास्त्रज्ञ डेव्हिड क्लाइन एका सहकाऱ्यासह बेटावर उतरला. दोघांनी बेटाची लांबी पायी पालथी घातली आणि रेनडिअर मोजले : १,३५०. प्राणी धष्टपुष्ट होते, इतरत्रच्या पाळीव कळपांहून वजनदार. पहिल्या १३ वर्षांचा हिशेब मांडला तर त्यांची संख्या साधारण दर अडीच वर्षांत दुप्पट होत आली होती. पण क्लाइनची नजर जमिनीकडेही होती. काही भागांत शैवाकाचे थर तुडवले आणि झिजले गेल्याचे त्याने टिपून ठेवले.

(१५)
१९६३ मध्ये क्लाइन तटरक्षक दलाच्या जहाजातून पुन्हा आला. उतरताच पायाखाली लेंड्या, जिकडे पाहावे तिकडे खुरांचे ठसे. मोजणी झाली : सुमारे ६,०००. म्हणजे दर चौरस किलोमीटरला अठरा. पण या वेळी शरीरांची गोष्ट वेगळी होती. १९५७ च्या तुलनेत प्रौढ माद्यांचे वजन सुमारे ३८ टक्क्यांनी आणि प्रौढ नरांचे सुमारे ४३ टक्क्यांनी घटले होते. पाडसांचे प्रमाणही उतरले होते. कळपाचा आकडा वाढतच होता, परंतु कळपातील प्रत्येक प्राणी खंगत चालला होता.

(१६)
इतर कामांमुळे क्लाइनला लगेच परतता आले नाही. मग ऑगस्ट १९६५ मधील त्या सांगाड्यांची वार्ता कानावर आली. १९६६ च्या उन्हाळ्यात तो तिसऱ्यांदा बेटावर पोहोचला. ६,००० पैकी उरले होते ४२. त्यांत ४१ माद्या आणि एकच नर. त्या नराची शिंगे विकृत होती, तो बहुधा प्रजननक्षम नव्हता. कळपात एकही पाडस नव्हते, वर्षभराचे पिल्लूही नव्हते. पुढे काय होणार हे त्याच दिवशी स्पष्ट होते. १९८० च्या दशकापर्यंत सेंट मॅथ्यूवरील शेवटचा रेनडिअरही नाहीसा झाला.

(१७)
साक्षीदार नसलेल्या घटनेचा काळ कसा ठरवायचा? इतिहासाच्या अभ्यासकाला पडणारा हाच प्रश्न क्लाइनपुढे होता, आणि त्याचे दस्तऐवज म्हणजे हाडे. बहुतेक सांगाडे एकसारख्याच अवस्थेत कुजलेले होते. म्हणजे मृत्यू वर्षानुवर्षे हळूहळू झाले नव्हते, ते एकाच सुमारास झाले होते. हाडांच्या पोकळीतील मगजात चरबी उरली नव्हती. उपाशी प्राणी शरीरातील चरबी एकामागून एक ठिकाणची वापरतो आणि मगजातील सर्वांत शेवटी. ती संपली होती, म्हणजे मृत्यू उपासमारीने झाला होता.

(१८)
त्या परिसरातील हवामानाच्या नोंदी तपासल्यावर काळही जुळला. १९६३–६४ चा हिवाळा अत्यंत कडक होता : प्रचंड बर्फ, तीव्र थंडी, जोराचा वारा. क्लाइनचा निष्कर्ष असा : शैवाकाचा साठा आधीच खालावला होता, प्राणी अशक्त झाले होते, आणि त्याच अवस्थेत हा हिवाळा आला. बर्फाखाली उकरण्यासारखे फारसे उरले नव्हते आणि अंगात साठवलेली चरबीही नव्हती. एकाच हिवाळ्यात जवळजवळ सारा कळप संपला. १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा हा लेख आजही परिसरशास्त्राच्या अभ्यासात वाचला जातो.

(१९)
पुढे काही संशोधकांनी या निष्कर्षाची फेरतपासणी केली. त्यांचे म्हणणे असे की बेटावरील चारा पूर्णपणे संपला होता असे म्हणता येत नाही. त्या हिवाळ्याचे टोकाचे हवामान हेच मुख्य कारण असावे. चारा असूनही कडक बर्फाखाली तो हाती लागत नसेल, तर प्राणी मरतातच. दोन्ही मतांत घटना तीच आहे, सांगाडेही तेच आहेत. मतभेद आहे तो कारणांच्या वजनाबद्दल. भूमीची झीज आणि हवामानाचा आघात यांपैकी कोणाला किती दोष द्यायचा, हा प्रश्न दुष्काळांच्या इतिहासातही पुन्हा पुन्हा येतो.

(२०)
ही कथा अनेकदा एका आलेखातून सांगितली जाते : रेषा वर जाते, शिखर गाठते आणि कोसळते. खाली तात्पर्य असते की मानवजातीचेही असेच होणार. येथे थोडे थांबावे लागते. प्रत्यक्ष नोंदी आहेत त्या मोजक्या : १९४४ मधील सुटका, १९५७, १९६३ आणि १९६६ मधील तीन मोजण्या. त्यांना जोडणारी गुळगुळीत रेषा नंतर काढलेली आहे. १९६३ चा आकडा हेच खरे शिखर होते की नाही, हे आलेखावरून सिद्ध होत नाही. आलेख पाहताना त्यावर मोजलेले बिंदू किती आहेत, हे आधी विचारावे.

(२१)
दुसरी मर्यादा तात्पर्याची. रेनडिअरना बेट सोडता येत नव्हते. चारा राखून वापरणे, कळप आवरणे, येणाऱ्या हिवाळ्याची बेगमी करणे, यांतले काही त्यांच्या हाती नव्हते. ही कामे पाळीव कळपात गुराखी करतो. सायबेरियातील आणि अलास्कातील पशुपालक कळपाला एका कुरणातून दुसऱ्या कुरणात हलवतात, ते याचसाठी. सेंट मॅथ्यूवर कळप होता, कुरण होते, आणि गुराखी निघून गेला होता. म्हणून ही कथा प्राण्यांच्या हावरेपणाची म्हणून सांगणे अन्यायाचे ठरते. ती सर्वप्रथम सोडून गेलेल्या जबाबदारीची कथा आहे.

(२२)
बेटाच्या इतिहासाकडे या नजरेने पाहिले की निराळ्या वाटणाऱ्या घटना एका ओळीत येतात. अस्वलांना संपवणारे शिकारी येथे राहत नव्हते. रेनडिअर सोडणारे सैनिकही दोन-तीन वर्षांचेच पाहुणे होते. प्रत्येकाचा मुक्काम छोटा होता आणि त्याच्या कृतीचे आयुष्य त्याहून कितीतरी मोठे. निर्मनुष्य म्हणजे माणसाच्या स्पर्शाबाहेरचे, अशी समजूत असते. सेंट मॅथ्यू निर्मनुष्य आहे, पण त्याच्या मातीत, हाडांत आणि शैवाकाच्या झिजलेल्या थरांत माणसाचा इतिहास लिहिलेला आहे.

(२३)
१९७० मध्ये बेटाला कायद्याने ‘वाइल्डरनेस’ क्षेत्राचा दर्जा मिळाला आणि १९८० मध्ये ते अलास्का मेरिटाइम राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्याचा भाग झाले. आता तेथे काही वर्षांच्या अंतराने संशोधकांची छोटी तुकडी जाते. मॅके बंटिंग हा पांढरा छोटा पक्षी मुख्यतः सेंट मॅथ्यू आणि हॉल या दोनच बेटांवर वीण करतो. त्याची घरटी जमिनीवर, खडकांच्या फटींत असतात. त्यामुळे सर्वांत मोठी धास्ती आहे ती एखाद्या फुटलेल्या जहाजातून किनाऱ्याला लागणाऱ्या उंदरांची. बेटावर उतरण्याआधी सामान आणि कपडे तपासले जातात. बूट झटकले जातात, बियाही चिकटून जाऊ नयेत म्हणून.

(२४)
१९४४ मध्ये आणलेले प्राणी दिसत होते, मोजता येत होते, आणि त्यांना आणण्यामागे १९ माणसांच्या जिवाची काळजी होती. ती काळजी खरी होती. तरीही शेवटी ६,००० प्राण्यांचा जीव गेला, कारण योजनेला ‘नंतर काय’ हे प्रकरणच नव्हते. आज बेटावर पाऊल ठेवणारा संशोधक बुटाला चिकटलेली एक बी शोधत वाकतो, तेव्हा तो तेच राहून गेलेले प्रकरण लिहीत असतो. लोरान केंद्राचे अवशेष आणि काही जुनी हाडे अजून धुक्यात पडून आहेत. #धागासमाप्त